'परतीचं इंधन' ऐकताना हसायचं नाही

आधीच सांगून ठेवते, तुमच्यापैकी बहुतेकांबद्दल माझं मत चांगलं नाही. तुम्ही ते बकरीचं रील पाहिलेलं आहे. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी मोबाईल पुढे सरकवून म्हटलं असेल, "हे बघा, आमच्या नांदेडचा नमुना." चंदेरी कागदाचा अंगरखा घातलेला एक माणूस काळ्या पडद्यापुढे उभा आहे. तो वर बघतो, खोल आवाजात विचारतो, "घरी कोण हाय का?" आणि मागून बकरी ओरडते. मग त्याचा तो चेहरा, मग हशा. तुम्ही हसलात, पुन्हा पाहिलंत आणि आणखी कुणाला तरी पाठवून दिलंत. पडद्याच्या कडेला हिरव्या साडीतली एक बाई हातात माईक धरून उभी आहे, ती काही तुम्हाला दिसली नसेल. ती मी.

नजीर नमुना हे त्या माणसाचं स्टेजवरचं नाव. आमच्या ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे येऊन तो लोकांना हसवायचा आणि मी गायचे. गेल्या आठवड्यात इतक्या वर्षांनी त्याचा फोन आला.

"ताई, रविवारी लातूरला येऊन राहिलो. ते तुझ्याकडंच हाय ना अजून?"

मी म्हटलं, आहे.

"बस बस. मग काम झालं."

ते म्हणजे एक काळा पेनड्राईव्ह. माझ्या हार्मोनियमच्या खोक्यात, तळाच्या मखमलीखाली असतो. त्याच्यात 'परतीचं इंधन' आहे. नजीरनं आयुष्यात एकदाच कुणाला हसवायला म्हणून नाही, तर स्वतःला राहवेना म्हणून जे केलं ते. आठ गाण्यांचा अल्बम, त्यात एका अवकाशयानाची सलग गोष्ट, आणि संगीत म्हणाल तर मेटल, तेही त्यातलं अवघड घराणं, प्रोग्रेसिव्ह म्हणतात ते. घणाघाती तारा, मधेच मोडणाऱ्या आणि वळणाऱ्या मात्रा, एकेक गाणं भजनाच्या बारीइतकं लांब. ज्या कम्प्युटरवर ते केलं तो पुढे जळाला. दुसरी प्रत कुठेही नाही.

फोन ठेवल्यावर मी खोकं उघडलं. पेटीच्या भात्याचा जुना वास आला, कापूर आणि लाकूड यांचा मिळून असतो तो. हेडफोन लावले. अल्बमचा पहिला आवाज पत्र्याचा आहे. तापलेला पत्रा कडकड वाजतो तो. तेवढ्यानंच मी नांदेडला पोचले, आणि पोचल्या पोचल्या मला राग आला.

इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत एका मंडपवाल्याचं गोदाम होतं. त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता आणि नेमका त्याच्याच अंगावर रमजान. म्हणजे इकडची लग्नं बंद आणि तिकडचीही बंद. आख्ख्या जिल्ह्याचा मंडप त्या गोदामात येऊन पडला होता. गाद्यांच्या थप्प्या, घडी घातलेल्या कनाती, नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या, दावतीच्या बिर्याणीच्या मोठाल्या देगी एकात एक घातलेल्या. कापडाच्या प्रत्येक घडीत वेगळ्या लग्नाचा वास होता. एका घडीत अत्तर, दुसरीत जिलबीचा पाक, तिसरीत नुसता घाम. उंदीर होते. पाल तर यानाच्या कर्मचाऱ्यांपैकीच म्हणावी इतकी कायम हजर. नजीरनं मंडपवाल्याकडून महिनाभरासाठी किल्ली मागून घेतली आणि आम्ही दुपारी तिथे जायला लागलो. आम्ही म्हणजे नजीर, मी आणि नायगावचा बालाजी.

बालाजी ऑक्टोपॅड वाजवायचा. रबरी चौकटींवर काठी मारली की ढोलापासून घोड्याच्या टापांपर्यंत हवा तो आवाज देणारं ते यंत्र. नजीरच्या प्रत्येक विनोदावर बालाजीची थाप पडायची. नजीरनं भुवई उडवली की झांज, नजीर घसरून पडला की पिपाणी, नजीरनं बायकोचं नाव काढलं की वाघाची डरकाळी. आणि स्टेजचा एक नियम होता. तो नजीरनंच बालाजीला मिसरूड फुटायच्या वयात शिकवला होता. स्टेज कधी गप्प पडू द्यायचं नाही. लाईट गेली, गायिका कडवं विसरली, पुढारी उशिरा आला, काहीही होवो, बालाजीनं काहीतरी वाजवायचं. स्टेज गप्प झालं की लोक उठतात, आणि एकदा उठलेले लोक बसत नाहीत. बालाजीनं तो नियम अंगात मुरवून घेतला होता. ऑर्केस्ट्रात त्याला सगळे मानायचे ते त्यासाठीच.

मेटल नजीरला कुठून लागलं, ते मला विचारू नका. एका मोबाईलच्या दुकानात गाणी भरून घेतलेल्या मेमरी कार्डात काहीतरी विलायती आलं होतं असं तो सांगायचा. एवढं खरं की त्याच्या अब्बांचा बँजो त्याच्याकडे होता. आमच्या वरातीत वाजतो तो बँजो, तारांवर बटणं दाबून वाजवायचा, गाडीवरच्या भोंग्यातून किंचाळणारा. अब्बांनी जन्मभर वरातीपुढे तोच वाजवला. नजीरनं एका दुपारी त्याचा भोंगा काढला, सगळ्यात मोठ्या देगीत उलटा सोडला आणि देगीच्या तोंडाशी माईक धरला. बँजोची एकच तार छेडली.

तो आवाज मी कसा सांगू? गोदामातल्या गाद्या हलल्या. बालाजी काठ्या खाली ठेवून म्हणाला, "नजीरभाई, हे काय हाय?"

"शनी हाय," नजीर म्हणाला.

त्या देगीला दालचिनीचा आणि जळक्या कांद्याचा वास यायचा. नजीर गायचा ते तिच्यातच तोंड घालून. त्यामुळे अवकाश म्हटलं की मला अजूनही बिर्याणीचा वास येतो. इथं तुम्हाला हसायचं असेल तर हसून घ्या. पुढे परवानगी नाही.

गोष्ट अशी होती. पृथ्वीवरचं आपल्या भागातलं पाणी संपतं. शनीच्या एका चंद्रावर बर्फ आहे म्हणून एक यान तिकडे पाठवतात. जायचं इंधन भरतात, परतीचं भरत नाहीत. बर्फ यंत्रानं ढकलून पाठवायचा, माणसानं तिथंच राहायचं. कप्तान लातूरचा. तो बर्फ पाठवत राहतो आणि घरी बोलत राहतो, आणि घरून उत्तर यायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो. बस. विनोद एकही नाही. ज्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात नजीर नांदेडहून खास येऊन ती गाडी बघून गेला होता. त्याच्यावर त्यानं लगेच एक हसायचं गाणं केलं, टँकरवर प्रेम करणाऱ्या बाईचं, आणि ते सगळ्या हळदीच्या कार्यक्रमांत चाललं. पण गोदामात तो एकदा म्हणाला, "ताई, ती गाडी यायच्या येळंला पूल गच्च भरला व्हता आन् कुणी बोलून नव्हतं राहिलं. येवढे लोक गप उभे मी कधी बघितलेच न्हाई. मला तसं गप करायचंय लोकांला. एकदाच." त्याला पाहिजे होतं ते एवढंच होतं, आणि ते फार होतं.

तो रोजे धरायचा. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पंखा बंद, कूलर बंद, कारण त्यांचा आवाज माईकमधे येतो. चार वाजता त्याचा घसा असा सुकायचा की शब्दाला शब्द घासायचा. नेमका तेव्हाच तो गायला बसायचा. नवरदेवाच्या लाल खुर्चीत, हातांखाली सोनेरी सिंह, आणि तोंड देगीत. स्टेजवर जी चिरकी, नाकातली वाणी तुम्ही ऐकता ना, ती त्याची नाहीच. त्याची खरी वाणी खालची आहे, खरखरीत, शब्दाच्या शेवटी थोडी फाटणारी. मी ती ऐकली. तहानलेल्या माणसाला तहानेचं सोंग करावं लागत नव्हतं. मला पाणी प्यायचं असलं की मी गल्लीत जाऊन पिऊन यायचे. त्याच्यासमोर प्यावंसं वाटायचं नाही.

बालाजीचे हाल वेगळे. त्याला मात्रा सापडायच्या नाहीत. सात वाजवल्या की साडेसात, मग पाच, मग पुन्हा सात. तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "सम कुठं हाय हिची, नजीरभाई?"

"सम पृथ्वीवर राहिली, बालाजी. तू वाजीव."

"आन् ह्याच्यावर लोकांनी नाचायचं कसं?"

"वरात नाचली तर गाणं फसलं म्हणायचं."

संध्याकाळी अजान झाली की खजूर, कलिंगड आणि बालाजीनं कोपऱ्यावरून आणलेली गरम भजी. पहिला घोट घेताना नजीर डोळे मिटायचा. कलिंगडाचा रस गादीवर सांडायचा आणि मंडपवाल्याला कळू नये म्हणून आम्ही तिघे तो पालथ्या हातानं पुसायचो. मला आठवतं ते हेच, आणि हे आठवतं याचाही मला संताप येतो. पत्र्याच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा हळूहळू देगीवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून भिंतीवर चढायचा. तो भिंतीवर गेला की दिवस संपला. मला लावण्या, भावगीतं, आरत्या, सगळं येत होतं, आणि त्या महिन्यात मला पहिल्यांदा वाटलं की मला गाणं येतं.

माझं काम पृथ्वीचं. शेवटच्या गाण्यात कप्तान विचारतो, "घरी कोण हाय का?" मग काहीच नाही. तारा थांबतात, ठोका थांबतो. नजीर म्हणायचा, तिकडून आवाज यायला आणि जायला जो काळ लागतो तो लोकांना बसून काढायला लावायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता कुणीच उरलं नाही. आणि मग मी म्हणायचं, "हाय." एकच शब्द. त्यावर अल्बम संपतो.

मी तो सुरात म्हटला, तर नको म्हणाला. तान घेऊन म्हटला, तर हात जोडले. अख्खी दुपार मी 'हाय, हाय' करत होते आणि बालाजी गादीवर पालथा पडून हसत होता. शेवटी नजीर म्हणाला, "ताई, गाऊ नको ना. बाई कणीक मळून राहिली, दारावर थाप पडली. उठायच्या आधी ती आतूनच म्हणती बघ, तसं म्हण." मी तसं म्हटलं. नजीरनं हेडफोन काढला आणि बराच वेळ देगीच्या काठावर बोट फिरवत बसला. त्या दिवशी भजी कुणी आणली नाहीत.

पेनड्राईव्हवर ती शांतता आहे. तिच्यात पत्र्याची एक बारीक कडकड आहे, नजीरनं आवंढा गिळलेला आहे, लांब कुठे तरी गल्लीत कुणी बादली ठेवली त्याचा आवाज आहे. मग मी. फोन आल्याच्या दिवशी मी ते ऐकलं आणि जिथे यायला पाहिजे तिथेच माझे डोळे भरून आले. माझं मलाच ते आवडलं नाही.

तेव्हा अल्बम पुरा झाल्यावर त्याचा कार्यक्रम ठेवला लातुरात, एका मंगल कार्यालयात. फ्लेक्सवर नजीरचा जीभ बाहेर काढलेला फोटो. छापणाऱ्याकडे तेवढाच होता. खाली 'हास्यसम्राट आता थेट अवकाशात'. मी नजीरला म्हटलं, हा फ्लेक्स उतरव. तो म्हणाला, "लोक आले तर पाहिजेत ना, ताई." लोक आले. आधी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांचा सत्कार, मग भाषणं. एका वक्त्यानं सांगितलं की ताणतणावाच्या जीवनात हास्य हेच औषध आहे. नजीर चंदेरी अंगरख्यात खुर्चीवर बसून नम्रपणे मान हलवत होता. मंडपवाल्याच्या स्टेजसजावटीतला उरलेला चंदेरी कागद त्यानं स्वतः शिवला होता, आणि तो अंगरखा विनोदी दिसतो हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

त्यानं बालाजीला विंगेत दोन्ही खांदे धरून बजावलं, "शेवटच्या गाण्यात मी इचारलं की हात मांडीवर ठिवायचे. काय बी होऊ दे. मांडीवर."

"हाव, नजीरभाई."

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा लोक हसले. भोंग्याच्या पहिल्या गर्जनेला लहान पोरं कान दाबून ओरडली, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले. दुसऱ्या गाण्यात मागच्या बाजूनं "टँकरवालं म्हण, टँकरवालं!" अशी फर्माईश आली. नजीर थांबला नाही. घाम त्या कागदाखालून हातांवर उतरत होता. आणि मग, कधी ते मला सांगता येणार नाही, ते बदललं. बायकांनी पदरानं वारा घेणं थांबवलं. फर्माईशवाला खाली बसला. बर्फाचं गाणं आलं तेव्हा मी कडेला उभी राहून लोकांचे चेहरे पाहिले. तुम्हाला सांगते, हॉल गप्प होता. लातूरचे लोक, ज्यांनी पाण्यासाठी रात्री जागून काढल्या, ते ऐकत होते. माझी ही साक्ष आहे, आणि तुमच्या रीलमधे ती नाही.

शेवटच्या गाण्यात नजीरनं वर पाहिलं आणि विचारलं, "घरी कोण हाय का?"

सगळं थांबलं. त्या कार्यालयात इतकी शांतता झाली की बाहेर आचाऱ्याची शेगडी धगधगत होती ती ऐकू यायला लागली. मी माईक ओठांजवळ आणला. माझा तो एक शब्द जिभेवर तयार होता.

आणि बालाजीचा हात गेला. तो बघत नजीरकडेच होता, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. मी पाहिलंय. हात मात्र मांडीवरून उठला, काठीसकट, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं नजीरच्या शब्दानंतरची रिकामी जागा भरायला पॅडवर पडला. आदल्या कार्यक्रमात त्या पॅडवर बकरी लावलेली होती.

हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवरून पडायची राहिली. बालाजीचा चेहरा पांढराफटक. पण इथपर्यंत मी सगळं माफ केलं असतं. बालाजीला केलंही आहे. हात होता, गेला. नजीरनं फक्त उभं राहायचं होतं. त्यानं तोंड मिटून, वर बघत, त्यांचं हसणं संपेपर्यंत उभं राहायचं होतं. लोक किती हसतील? दमतात. मग पुन्हा शांतता झाली असती आणि मी उत्तर दिलं असतं.

नजीरनं खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं आणि दुसरं काहीतरी आलं, दुकानाचं शटर वर करतात तसं. तो स्टेजवरच्या चिरक्या आवाजात म्हणाला, "आयला, ही कवा चढली रे यानात?"

त्यानंतर अर्धा तास तो बकरीशी बोलला. बकरीला शनी दाखवला, बकरीचं दूध काढलं, बकरीनं इंधनाचा पाईप खाल्ला. बालाजीला खूण केली की बालाजी वाजवायचा, हसणाऱ्या लोकांकडे न बघता. मी माईक घेऊन उभी होते. ते 'हाय' कुणी मागितलं नाही. पुढच्या रांगेतले ते पाहुणे डोळे पुसत होते आणि म्हणत होते, बघा, शेवटपर्यंत कळू दिलं नाही, काय कलाकार आहे!

विंगेत बालाजी भिंतीला डोकं लावून उभा होता. "नजीरभाई, हात... हातच गेला."

नजीरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं रे. लोक खूश झाले."

बरं झालं. हे दोन शब्द मी विसरलेले नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलंत. 'यानातली बकरी' या नावानं त्याचे कार्यक्रम लागले. माहूरच्या नवरात्रात, धर्माबादच्या बाजारात, मग पुणे, मग कुठे कुठे. बालाजीचं नाव बकरीवाला बालाजी झालं, त्याच्या बकरीला वेगळ्या टाळ्या पडतात म्हणे. मी ऑर्केस्ट्रा सोडला. लग्न झालं, शाळेत संगीत शिकवते, राष्ट्रगीत आणि स्वागतगीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी पोरगा चंदेरी कागद गुंडाळून येतो आणि पडद्यामागून बकरी ओरडते. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून हसतात, कारण त्यांना वाटतं मला अभिमान असेल.

रविवारी नजीर आला. पांढरी गाडी, अंगाला महागाचं अत्तर, केस काळे केलेले, हातात धर्माबादच्या लाल मिरच्यांची पिशवी. "भाऊ बहिणीच्या घरी मोकळ्या हातानं येत न्हाई," असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली आणि मिरचीच्या खाटानं मला ठसका लागला. तो आला हे गल्लीत कळायला कितीसा वेळ? शेजारच्या सुनंदाताई आणि त्यांची जाऊ चहाची साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि सोफ्यावर बसल्या त्या बसल्याच. एकीच्या हातात मोबाईल तयार. नजीरनं त्यांना बघितलं आणि ते शटर वर गेलं. साखरेवर एक विनोद केला. दोघी खूश.

मग माझ्याकडे वळला. "मुंबईची एक कंपनी हाय, ताई. म्हणून राहिले, बकरीच्या आधीचं असली रेकॉर्डिंग हाय का? आपलं ते गोदामातलं. जसंच्या तसं काढणार. आवाज बिवाज साफ करणार. तुझं बी नाव टाकणार."

मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. खरंच वाटलं. मी उठलेसुद्धा.

"जसंच्या तसं?" मी विचारलं.

"हाव. फक्त शेवटाला बकरी टाकणार. ते लोक म्हणून राहिले, बकरीबिगर कुणाला कळणारच न्हाई की हे नजीरचं हाय."

मी पुन्हा बसले. "नाही."

"अगं, एकच बकरी. लई लहान बकरी. करडू म्हण." सोफ्यावर हशा.

"नाही, नजीरभाई."

"बकरीला इचारून तर बघ." पुन्हा हशा.

"त्या जागी मी आहे. तिथं बकरी येणार नाही. पेनड्राईव्ह मी देणार नाही, आज नाही आणि मेल्यावर नाही."

त्यानं आणखी एक विनोद करायला तोंड उघडलं. तो विनोद आला नाही. कप खाली ठेवला आणि उभा राहिला.

"तुला काय वाटतं, मला कळत न्हाई?" तो म्हणाला. आवाज खालून आला. खरखरीत, शेवटाला फाटलेला. "तू काय एकटीनं गाडून ठिवलंय ते? माझं हाय ते! माझे अब्बा मरेपर्यंत वरातीपुढं वाजवत गेले, एका माणसानं मान वळवून बघितलं न्हाई त्यांच्याकडं. लोकांची पाठ असायची, पाठ! मी हसवलं तवा वळले. त्या दिवशी मी गप उभा राहिलो असतो आन् ते उठून गेले असते, तर? तुला पगार हाय, तुला घर हाय, तू उभी राहिली असती. मी काय घिऊन उभं राहायचं व्हतं? सांग ना! माझ्याकडं काय व्हतं?"

शेवटचा शब्द भिंतीवर आपटला. बशीतला कप वाजला. त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती आणि केसांचा काळा रंग घामाबरोबर कानामागे उतरत होता. तो माझा तिरस्कार करत होता, अगदी मनापासून. इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी इतकं खरं बोललं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, लाज वाटावी इतका. मी म्हटलं होतं ना, त्याची ती वाणी मी ऐकलेली आहे. आता आणखी दोन बायकांनी ऐकली.

त्याचं बोलून संपलं होतं. तो तिथंच उभा होता, छाती वरखाली होत होती. सुनंदाताईंच्या जावेनं मोबाईल हळूच मांडीवर पालथा ठेवला. सुनंदाताईंनी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून तोंड उघडलं. मी हात वर करून त्यांना थांबवलं. नजीरला मी पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. तो बघत राहिला आणि आम्ही तिघी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि कितीतरी वेळ त्या खोलीत कुणीच हसलं नाही.